सुभेदार सरांची हजेरी

शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी एका माणसानं मला विचारलं, "मराठीवाले, तुम्हाला पाल चालेल का?"

साताऱ्याहून औंधपर्यंत एका एस.टी.नं आणि तिथून पुढं दुसऱ्या एस.टी.नं, पायाशी ट्रंक आणि मांडीवर वळकटी घेऊन मी त्या माळावरच्या गावात येऊन पोचलो होतो. मला देऊ केलेल्या खोलीत पाल असावी आणि हा सज्जन गृहस्थ आधीच कल्पना देत असावा, असा माझा समज झाला. मी म्हणालो, "चालेल की." त्यानं काखेतलं निळ्या कापडी पाठीचं हजेरीबुक काढलं, खिशातलं पेन उघडलं आणि माझ्यासमोर लिहिलं : 'पाल. पालक – मराठीवाले. पत्ता – शिक्षकांची खोली, घड्याळाच्या मागे.' मग पेनाला टोपण लावून म्हणाला, "शनिवारी रिपोर्ट द्यायचा."

हे आमचे सुभेदार सर. प्रत्यक्षात ते फौजेत नाईक होते आणि नाईक म्हणूनच पेन्शनीत निघाले होते. पण गावातल्या दर तिसऱ्या घरातला माणूस फौजेत, त्यामुळं नुसता नाईक म्हणवून घेणं गावाला कमीपणाचं वाटे. गावानं त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. ते हायस्कुलात कवायत शिकवायचे आणि शास्त्रही शिकवायचे. शास्त्र त्यांच्याकडं यायचं कारण सोपं होतं. दरवर्षी जूनमध्ये एक पदवीधर शास्त्रशिक्षक यायचा, गावातलं पाणी प्यायचा आणि दिवाळीच्या सुट्टीला गेला की परत यायचा नाही. उरलेलं वर्ष सुभेदार सर सांभाळायचे. परीक्षानळी त्यांना धड धरता येत नव्हती. त्यांचं शास्त्र सगळं गावाच्या शिवेत पसरलेलं होतं.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. गाव नुकतं कुठं दुष्काळी कामावरची सुकडी आणि खडी फोडणं विसरून ज्वारीकडं वळलं होतं. अशा गावात या माणसानं काय करावं? तर जनावरांची हजेरी घ्यावी.

पद्धत अशी होती. पाचवी ते दहावीतल्या प्रत्येक मुलाला शिवेत राहणारा एक प्राणी नेमून दिलेला. सर त्यांना प्राणी म्हणत नसत, 'रहिवासी' म्हणत. मूल त्या रहिवाशाचं पालक. आठवड्यातून एकदा तरी जाऊन त्याला डोळ्यांनी बघायचं, काय खाल्लं, कुठं गेला, पिल्लं किती, याची खबर ठेवायची. शनिवारी सकाळची शाळा असे. प्रार्थना झाली की सर डालड्याचा डबा कापून केलेला भोंगा तोंडाला लावून पायरीवर उभे राहत आणि अख्ख्या शाळेसमोर हजेरी सुरू होई.

"घुबड!"

"हजर सर! दोन उंदरं खाल्ली."

"धामण!"

"गैरहजर सर. कात टाकून गेलीया, कात घावली."

"घोरपड!"

"हजर सर! पर लय आळशी झालीया."

"आळशी हा शब्द रिपोर्टात चालत नाही. ऊन खात होती म्हण."

"ऊन खात हुती, सर!"

हेडमास्तर या वेळी डोळे मिटून उभे राहत. लोकांना वाटे ध्यान लावलंय. मी पहिल्या शनिवारी हे सगळं ऐकून तोंडात रुमाल कोंबला होता. तेवढ्यात भोंगा माझ्याकडं वळला : "पाल!" दोनशे मुलं माझ्याकडं बघू लागली. मी बी.ए.ला विद्यापीठात मराठीत दुसरा आलेला माणूस. मी म्हणालो, "हजर." सर म्हणाले, "काय खाल्लं?" मला ते माहीत नव्हतं. 'अपुरा रिपोर्ट' असा शेरा माझ्या नावापुढं पडला. पोरांना त्याचा आनंद पुढं आठवडाभर पुरला.

त्यांचा एक नियम कडक होता. न बघता 'हजर' म्हटलं की मैदानाला वीस फेऱ्या. सातवीतल्या एकानं टकाचोर पक्ष्याला न बघताच हजर लावलं. सरांनी स्वतः जाऊन तपास केला, झाडाखाली टकाचोराचं घरटं पडलेलं सापडलं. सोमवारी त्या पोराला वीस फेऱ्या लागल्या. गंमत अशी की सरही त्याच्याबरोबर वीस फेऱ्या पळाले. शिक्षा देणाऱ्यानं सावलीत उभं राहून शिक्षा बघणं फौजेत शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोरगं दहाव्या फेरीला रडकुंडीला आलं, सर विसाव्याला. दुसऱ्या दिवशी दोघंही लंगडत शाळेत आले.

"लिहिलेलं खोटं निघालं तर माणसं मरतात, मराठीवाले," ते मला गुडघ्याला तेल चोळत सांगत होते.

"टकाचोरासाठी कोण मरणार आहे, सर?"

"सुरुवात टकाचोरापासूनच होते."

पालकांचा, म्हणजे माणसांच्या पालकांचा, या प्रकाराला कडकडून विरोध होता. एक बापय्या तर म्हशीचं दावं हातात तसंच घेऊन शाळेत आला. "आवं सर, पोरगं म्हशीला पानी दावंना, आन् सकाळधरनं घोरपडीची चौकशी करतंय! ह्येला काय म्हनायचं?"

सर शांतपणे म्हणाले, "म्हशीला तुम्ही आहात. घोरपडीला कोण आहे?"

तो माणूस विचारात पडला. खरंच पडला. दावं हातात फिरवत तसाच परत गेला.

मला तेव्हा हे सगळं फुकटचं वेड वाटायचं. मला मुळात त्या गावातच राहायचं नव्हतं. पण नेमणूक तात्पुरती होती, कायम व्हायची होती, आणि कायम झाल्याशिवाय बदली मागता येत नव्हती. थोडक्यात, गाव सोडता यावं म्हणून मी गावात टिकून राहायची धडपड करत होतो.

एका रविवारी सरांनी मला माळावर नेलं. बरोबर बारा पोरं, एकामागं एक, तोंडाला कुलूप. दीड तास चाललो. एका उघड्याबोडक्या जागी सरांनी हाताची खूण केली, सगळी जण खाली बसली. समोर शंभरेक पावलांवर दगडगोट्यांत एक टिटवी अंड्यांवर बसली होती. ती बसली होती आणि आम्हीही बसलो होतो. ऊन डोक्यावर आलं. मी मनातल्या मनात या रविवारी साताऱ्यात काय काय करता आलं असतं त्याची उजळणी केली, तीही संपली. अचानक सरांनी माझा दंड दाबला.

"बघितलं?"

"काय?"

"तिनं कूस बदलली."

बाराच्या बारा पोरांचे चेहरे असे उजळले होते की जणू गावात सर्कस आली. मला हसू आलं. पण परत येताना दोनदा तीनदा मागं वळून ती जागा कुठं होती ते शोधलं, आणि मला ती सापडली नाही, याचं उगीचच वाईट वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

सगळ्या हजेरीबुकात मानाचं पान एकच होतं, खोकडाचं. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊबंद. मांजराहून थोडा मोठा, टोकाला काळं शेपूट, माळावर बीळ करून राहतो. दुष्काळात माळावरचं गवत गेलं, उंदीर गेले आणि खोकडंही गेली असं सगळे धरून चालले होते. त्या वर्षी एक मादी परत आली. ती पहिल्यांदा पाहिली आठवीतल्या मंगलनं, त्यामुळं ती मंगलच्या वाट्याला आली. मंगल शाळा सुटली की बकऱ्या घेऊन माळावर जायची. बोलायला कमी आणि बघायला तरबेज. होळीच्या सुमाराला तिनं हजेरीत सांगितलं, "खोकड हजर सर. तीन पिल्लं हायती."

सरांनी भोंगा खाली केला. मग भोंगा परत वर करून म्हणाले, "रहिवाशांत तीनची वाढ. शाबास." त्या दिवशी त्यांनी आम्हा शिक्षकांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला. बारसं असल्यासारखे वागत होते.

आता पत्त्यांबद्दल सांगायला हवं. भोंग्यावरून सर फक्त नाव पुकारत. कोण कुठं राहतं हे मात्र चारचौघांत बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पत्ता फक्त बुकात, आणि तोही चोख. 'साळिंदर. ओढ्याचं दुसरं वळण, करंजाच्या मुळाशी, तोंड दक्षिणेला.' प्रत्येक पत्ता सर स्वतः जाऊन तपासून यायचे आणि सही करायचे. खोकडाचा पत्ताही त्यांनी तसाच तपासला होता. बुक शिक्षकांच्या खोलीतल्या लाकडी कपाटात कुलूपबंद. किल्ल्या दोन. एक सरांच्या जानव्याला... नाही, जानवं कुठलं, गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला. दुसरी माझ्याकडं, कारण त्याच कपाटात शाळेचं ग्रंथालय होतं, आणि ग्रंथालय म्हणजे एकेचाळीस पुस्तकं आणि मी.

चैत्रात गावची यात्रा. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी पारध. पारधीला गावातले झाडून सगळे बाप्ये काठ्या-कुऱ्हाडी, कुत्री आणि दोन बंदुका घेऊन शिवेत फिरत आणि जे मिळेल ते मारून देवळापुढं आणत. त्यात मोठा मान खोकडाचा. ज्याच्या हाती खोकडाचं शेपूट, त्याला पुढच्या वर्षी पालखीचा पहिला खांदा. दुष्काळाच्या वर्षांत पारध नावालाच झाली होती. एकदा तर म्हणे दोन लावे आणि एक सरडा एवढीच शिकार घेऊन गाव वाजतगाजत परत आलं होतं. असले प्राणी मारायला बंदी करणारा कायदा नुकताच झाला होता. पण तो दिल्लीहून निघालेला, आणि आमच्या गावाला दिवसातून दोनच एस.टी. येत, त्यामुळं त्याला पोचायला उशीर झाला असावा.

पारधीचे म्होरके आमच्या संस्थेचे चेअरमन. विहिरीवर दोन एकर ऊस, खांद्यावर बाराबोअर आणि हातात आमच्या सगळ्यांच्या नेमणुका. यात्रेच्या आठवडाभर आधी त्यांनी मला ओसरीवर बोलावून घेतलं. चहा आला. बशीत ओतून त्यांनी फुर्र केलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या आर्डरीचं म्या बघतुया. सातारला कागद गेलाय."

मी म्हणालो, "आपली कृपा."

"कृपा कसली! आवं, तुमच्यासारखी शिकल्याली मान्सं टिकली पायजेत गावात." मग दुसरा घोट घेऊन म्हणाले, "त्ये सुभेदाराचं बुक लय गाजतंय म्हनं. जरा दावा की आमाला बी. पोरास्नी काय काय शिकीवत्यात, बघूया."

"सरांनाच सांगतो ना, ते स्वतः घेऊन येतील."

"त्येंस्नी कशाला तरास? किल्ली तुमच्यापाशी बी हाय न्हवं?"

मला वाटलं, चेअरमनसाहेबांना निसर्गाची आवड लागली असावी. हे वाक्य मी पुढं इतक्या लोकांना सांगितलंय की ते मला पाठ झालंय. पण इथं खरं सांगतो. मला सगळं कळलं होतं. बशी खाली ठेवण्याच्या आधीच कळलं होतं. मला लाज वाटली, आणि त्या लाजेसकट मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कपाट उघडलं, बुक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि चेअरमनांच्या घराची वाट धरली.

वाटेत मंगल भेटली. बकऱ्या घेऊन निघाली होती.

"सर, काय घिऊन चाललाय?"

"काही नाही गं. चाचणीचे पेपर आहेत तपासायचे."

तिनं पुडक्याकडं बघितलं. वर्तमानपत्र एका बाजूनं फाटलं होतं आणि निळी कापडी पाठ बाहेर आली होती. मग बकऱ्यांना हाळी देऊन पुढं गेली. दोन दिवसांनी बुक मला परत मिळालं. ते मी जागच्या जागी ठेवलं आणि सुभेदार सरांना त्याचा पत्ताही लागला नाही.

पारधीच्या दिवशी सर त्यांच्या सासुरवाडीला जात. दरवर्षी जात. ते बघवत नसे, हे कारण ते सांगत नसत. सासूबाईंची तब्येत हे सांगत. या वर्षी मात्र सासूबाई ठणठणीत बऱ्या असल्याचं पत्र आलेलं, म्हणून घरीच होते. दुपारी त्यांना देवळापुढं बोलावणं आलं. मलाही आलं.

तशी पारध गावानं कैक वर्षांत पाहिली नव्हती. एरवी दिवस मावळेपर्यंत माळ तुडवणारी माणसं त्या दिवशी जेवायच्या वेळेला परत आली होती. दोन साळिंदरं, सात ससे, घोरपड, तित्तरांची माळ. देवळापुढं सगळं ओळीनं मांडलेलं, कर्णा लावलेला. चेअरमनांनी कर्ण्यावरून भाषण केलं.

"मंडळी, आवंदाच्या पारधीचं श्रेय आपल्या हायस्कूलचं हाय! सुभेदार सरांनी बुकात समदं बयाजवार लिवून ठिवलं हुतं. कोन कुटं ऱ्हातंय, तोंड कुनीकडं, समदं. आमी नुस्तं वाचत गेलो आन् काढत गेलो. शिक्षनाचा फायदा म्हनत्यात तो ह्यो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. चेअरमनांनी सरांच्या डोक्याला फेटा बांधला आणि हातात नारळ दिला. सरांनी तो घेतला. ते सावधानमध्ये उभे होते. मग त्यांची नजर गर्दीतून फिरत माझ्यावर आली आणि क्षणभर थांबली. किल्ल्या दोनच होत्या. त्यांना हिशेब करायला वेळ लागला नसणार.

मला वाटलं आता नारळ माझ्या डोक्यात बसतो. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सरांनी नारळ खाली ठेवला, खिशातून पेन आणि कागद काढला आणि त्या ओळीच्या एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक जनावराजवळ उकिडवं बसायचं आणि विचारायचं, "कुणी मारलं? कुठं? किती वाजता?" माणसं अभिमानानं पुढं येऊन सांगत होती. सर लिहून घेत होते. 'मयत' या शब्दापुढं वेळ, जागा, सही. घोरपडीपाशी ते जरा जास्त वेळ बसले. डोक्यावर फेटा तसाच होता.

शेवटी उठून त्यांनी विचारलं, "खोकड?"

मंगलचा थोरला भाऊ तीन कुत्री दोरीला धरून उभा होता. तो वैतागून म्हणाला, "खोकड कुटलं घावतंय, सर! बुकात लिवल्यालं बीळ खनून काडलं, आत काय सुदिक न्हाई. तुमच्या बुकात चूक हाय!"

आणि मी डोळ्यांनी पाहिलं, सांगतो. सगळे रहिवासी समोर मरून पडलेले असताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग आला तो यावर.

"चूक? माझ्या बुकात?"

पुढचा शनिवार. प्रार्थना झाली. सर पायरीवर उभे राहिले. भोंगा नव्हता, गरज नव्हती. इतकी शांतता मी त्या शाळेत पुन्हा कधी ऐकली नाही. हेडमास्तरांनीही डोळे उघडे ठेवले होते. मी शिक्षकांच्या ओळीत, शेवटून दुसरा. पळून जावं असं वाटत होतं, पण गैरहजर राहिलो तर सगळ्यांना कळेल, म्हणून उभा होतो. जणू कुणाला कळायचं राहिलं होतं.

"साळिंदर."

"गैरहजर, सर."

"ससा."

"गैरहजर."

"घोरपड."

पोरगं रडायलाच लागलं. सरांनी त्याचं रडणं होईपर्यंत वाट बघितली आणि स्वतःच खूण केली. असं करत करत ते खोकडाच्या पानावर आले.

"खोकड."

"हजर, सर," मंगल म्हणाली. "तिनी पिल्लं बी."

मुलांत कुजबुज झाली. सरांनी बुकातून मान वर केली. "पुढं ये."

ती पुढं आली.

"बुकातल्या पत्त्यावर मी स्वतः गेलो होतो. ताजी विष्ठा होती, बोराच्या बिया होत्या, उंदराचं शेपूट होतं. मी सही केली. ते बीळ रिकामं निघालं."

"व्हय, सर. त्ये म्याच आनून टाकलं हुतं. ओच्यातनं."

"म्हणजे तू पत्ता खोटा लिहिलास?"

"व्हय, सर."

खोट्याची शिक्षा सगळ्या शाळेला माहीत होती. दोनशे पोरं मैदानाकडं बघू लागली.

"का?"

"आमच्या घरात तीन कुत्री हायती, सर. दादाला पालखीचा खांदा पायजे हुता."

"मग मला तरी खरं सांगायचं."

मंगलनं जरा विचार केला. वाईट वाटणार नाही असं काही सापडतंय का ते बघत असावी. "तुमी समदं लिवून ठिवता, सर," ती म्हणाली.

फौजेत अठरा वर्षं काढलेल्या त्या माणसानं त्या पोरीपुढं हजेरीबुक मिटलं. पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात टाकलं.

"बरं. नाही लिहीत. आता सांग. मला बघायची आहेत पिल्लं."

मंगलनं मान डोलावली. मग तिनं शिक्षकांच्या ओळीकडं बघितलं. सगळ्यांकडं नाही. बोट वगैरे काही दाखवलं नाही, मोठ्या माणसाला बोट दाखवायची तिला शिकवण नव्हती.

"सांगती की, सर. पर आदी त्या मराठीच्या सरांस्नी आत जायाला सांगा."

मी इकडंतिकडं बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतं. सरांनी माझ्याकडं तोंड केलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी अदब होती. पाहुण्याला पानावरून उठवावं लागतं तेव्हा असते तशी.

"मराठीवाले, आत चला तुम्ही जरा."

मी आत गेलो. खोलीच्या खिडकीतून दिसलं ते एवढंच की सर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते आणि मंगल त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होती. फेऱ्या कुणी मारल्या नाहीत.

सोमवारी सरांनी गळ्यातली किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ग्रंथालय तुमचं. माझं आता कपाटात काही नाही," म्हणाले. बुकाचं त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. त्यानंतर हजेरी तोंडी झाली. पत्ते मुलांच्या डोक्यात राहिले आणि एकानं दुसऱ्याला तोंडानं द्यायचे असं ठरलं असावं. 'असावं' म्हणतो, कारण शनिवारी हजेरी सुरू व्हायच्या आधी मी आपण होऊन आत जाऊन बसत असे. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी थांबावं लागू नये, म्हणून.

जूनमध्ये माझी आर्डर आली. मी कायम झालो. बदली मागायची होती, ती मागितली नाही. का ते विचाराल तर नीट सांगता येणार नाही. सुभेदार सर माझ्याबरोबर चहा पीत राहिले, पावसापाण्याचं बोलत राहिले. मी माफी मागायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा त्यांनी मला बिस्कीट दिलं. निवृत्त होऊन ते जवळच्याच त्यांच्या गावी गेले. मंगल लग्न होऊन फलटणकडं गेली, तिथं उसाच्या मुलखात ती काय बघत असेल कोण जाणे.

मी मात्र माळावर जायला लागलो. रविवारी, एकटाच. मला ते खोकड एकदा बघायचं होतं, बाकी काही नाही. कधी कधी लांबवर पोरांचं टोळकं गवतात पोटावर पडलेलं दिसे. मी दिसलो की त्यातलं कुणीतरी शीळ घाली आणि सगळी उठून, कपडे झटकून, भलत्याच दिशेला गप्पा मारत चालू लागत. यातली बरीचशी पोरं त्या पारधीच्या वर्षी बालवाडीतसुद्धा नव्हती.

एका रविवारी मी पाचवीतल्या एकाला वाटेत गाठलं. माझ्याच वर्गातला, गुणी पोरगा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "काय रे, माळावर खोकड आहे का अजून?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ, चेहरा सरळ.

"खोकड? ह्या गावात? न्हाई, सर. कवाच नव्हतं."

मी शिक्षक माणूस, पोरं खोटं कसं बोलतात ते मला ठाऊक आहे. ती अडखळतात, खाली बघतात, पायानं माती उकरतात. हा यातलं काहीच करत नव्हता. मला तेव्हाच खात्री पटली की खोकड आहे, पिल्लंही असणार, आणि ती मला कधीच दिसणार नाहीत. "बरं," मी म्हणालो, आणि माझ्या खोलीकडं वळलो. तो मी दिसेनासा होईपर्यंत जागचा हलला नाही.